पवनचक्कीला जागा किती लागते?

साताऱ्याहून ठोसेघरचा घाट चढायचा, धबधब्याची गर्दी मागे टाकायची आणि तसंच पुढे चाळकेवाडीकडे निघायचं. झाडी विरळ होत जाते आणि एका चढानंतर पठार समोर उघडतं. जांभ्याचा सडा, वाऱ्याने एका बाजूला कललेलं गवत आणि नजर पोचेल तिथवर पवनचक्क्या. पावसाळ्यात ढग टेकले की मनोरे दिसेनासे होतात. धुक्यातून एक पातं खाली येतं, वर जातं, मग दुसरं. आवाज मात्र चालूच राहतो, शेजारच्या अंगणात कुणी सुपाने धान्य पाखडत बसावं तसा, एका लयीत. दिवसा बोलण्याचालण्यात तो विरून जातो. पठारावर मुक्काम केला तर मध्यरात्री तेवढाच ऐकू येत राहतो.

मला हे दृश्य आवडतं, हे आधीच सांगतो. चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांची जी राख तिथल्या लोकांच्या अंगणात आणि छातीत जाते, ती इथे कुणाच्या वाट्याला येत नाही. देशात आज पन्नास हजार मेगावॅटच्या वर पवनऊर्जेची क्षमता उभी आहे, त्यातली पाच हजारांच्या वर एकट्या महाराष्ट्रात. ती वाढायला हवी. पण पठारं आणि डोंगरमाथे जिथे जिथे पवनचक्क्यांसाठी निवडले गेले, तिथल्या अनेक ठिकाणी खालच्या गावांतून विरोध झाला आहे. तो सह्याद्रीत झाला, धुळ्याच्या बाजूला झाला आणि नॉर्वेच्या बर्फातही झाला. शहरात बसून त्याला चटकन अडाणीपणा म्हटलं जातं. त्या विरोधाच्या मुळाशी जायचं असेल तर एक साधा प्रश्न विचारून पाहावा: एका पवनचक्कीला जागा किती लागते?

कंपनीचा माणूस याचं उत्तर गुंठ्यांत देतो. मनोऱ्याचा पाया वीसेक मीटर व्यासाचा, शेजारी क्रेन उभी राहील एवढं सपाट मैदान, झालं. भोवती शेती करा, गुरं चारा, कुणाची आडकाठी नाही. हिशोब म्हणून हे खोटं नाही. पण मनोरा डोंगरमाथ्यावर चालत जात नाही.

डोंगरमाथाच का लागतो, ते आधी पाहू. वाऱ्यातून मिळणारी वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर वीज आठपट. खालच्या खोऱ्यात झुळूक असते, तेव्हा वर पठाराच्या कडेला वारा दाबून, वेग घेऊन वाहतो. गुंतवणूकदारासाठी हा फरक नफा आणि तोटा यांच्यातला आहे. म्हणून नकाशावर बोट ठेवलं जातं ते बरोबर सह्याद्रीच्या सड्यांवर. पण हे सडे म्हणजे खालच्या गावांची कुरणं, पाणलोट आणि देवाच्या जागा. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहिलेली जमीन गावाच्या हिशोबात खराब नसते. तिच्यावर पावसाळाभर गुरं निघतात.

आता पातं वर न्यायचं आहे. आजच्या मोठ्या यंत्राचं एक पातं साठ-सत्तर मीटर लांब असतं आणि ते बहुतेक वेळा अखंडच न्यावं लागतं. एवढा लांब ट्रेलर वळवायचा तर घाटातलं प्रत्येक वळण फोडून रुंद करावं लागतं. डोंगराची कूस जेसीबीने कापली जाते आणि निघालेला मुरूम-दगड बहुतेक वेळा खालच्या उतारावर ढकलून दिला जातो. मग पहिल्या पावसात तो ओढ्यात उतरतो. त्यात वीज वाहून नेणारे खांब आणि तारा आल्या, उपकेंद्र आलं, शेवटी फाटक आणि फाटकावरचा पहारेकरी आला. गाव जागा मोजतं ती अशी: पाया, रस्ता, राडारोडा, तार आणि फाटक मिळून. दोन्ही बाजू खरं बोलत असतात आणि दोघांच्या आकड्यांत कित्येक पटींचं अंतर असतं.

खेड आणि मावळ तालुक्यांत, भीमाशंकर अभयारण्याच्या शेजारच्या डोंगरांवर हे सगळं स्पष्ट दिसलं. आंध्रा तलाव प्रकल्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या पवनचक्क्यांच्या योजनेसाठी १९४.६६ हेक्टर वनजमीन वळवण्यात आली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पावर कठोर शब्दांत लिहिलं. हा शेकरूचा मुलूख आहे, जंगल चांगलं आहे, असं स्थानिक वन अधिकाऱ्याने कळवलेलं असूनही परवानगी कशी दिली गेली, हे त्यात आहे. बेफाम कापलेल्या रस्त्यांनी दरडी मोकळ्या केल्या आणि गाळ प्रवाहांत उतरला, हेही आहे. मला सर्वांत लागली ती वेगळीच गोष्ट. ज्या डोंगरांवरून लोक पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत आले, तिथेच त्यांना अडवलं जाऊ लागलं. माणूस आपल्याच डोंगरावर परका झाला, तर नुकसानभरपाईचा कुठला तक्ता त्याची नोंद घेणार?

हे सगळं गावाने आधी का नाही सांगितलं, असा प्रश्न पडू शकतो. कारण विचारायला कुणी आलंच नाही. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही. औष्णिक केंद्राला, खाणीला, धरणाला जनसुनावणी घ्यावी लागते. तहसीलच्या आवारात मांडव पडतो, लोक ओरडतात, निदान कागदावर काही उतरतं. पवनचक्कीला यातलं काहीच बंधनकारक नाही. वीज स्वच्छ आहे, तेव्हा प्रकल्पही निरुपद्रवी असणार, असं गृहीत धरलं गेलं. गावात सर्वांत आधी अधिकारी येत नाही, शास्त्रज्ञ येत नाही. जमिनीचा दलाल येतो. तो चहा पितो, सातबारा मागतो, साठेखताचा कागद पुढे करतो आणि शेजाऱ्याने किती घेतले ते सांगत नाही. प्रकल्पाशी गावाची पहिली ओळख ही अशी होते, आणि पुढे कितीही माहितीपत्रकं वाटली तरी ती पुसली जात नाही.

आता ढगांबद्दल. २००२-०३ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता. माण, खटाव, आटपाडी या पट्ट्यात जनावरं छावणीत होती. पवनचक्क्या नुकत्याच, मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या होत्या. आणि बोललं जाऊ लागलं की पवनचक्क्या ढग पळवतात. हे बोलणं पारावरच राहिलं नाही, त्यावरून आंदोलनं झाली.

ही समजूत चुकीची आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा थर जमिनीपासून वर चार-पाच किलोमीटर जाडीचा असतो आणि त्यातला सर्वांत वेगवान प्रवाह सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून धावतो. त्या काळच्या पवनचक्क्या जमिनीपासून जेमतेम शंभर मीटरपर्यंत पोचत. तेवढ्या उंचीतही पात्यांच्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्याची ५९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा कोणतंही यंत्र काढून घेऊ शकत नाही. ती भौतिकशास्त्राने घातलेली मर्यादा आहे. दोन यंत्रांच्या मधून तर वारा मोकळाच जातो. नदीत चार बांबू रोवून पूर अडत नाही, तसं हे आहे. माण-खटाव कोरडे आहेत कारण ते पर्जन्यछायेत आहेत. ढग सह्याद्री चढताना आपलं पाणी पश्चिमेच्या उतारावर आणि माथ्यावर रिकामं करतात. पलीकडे उतरतात तेव्हा उरलेलं थोडंच असतं. हे पवनचक्क्यांच्या हजारो वर्षं आधीपासून चालू आहे.

तरीही ही समजूत जन्माला कशी आली, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे पवनचक्क्या सगळ्यात जोरात फिरतात त्या पावसाळ्यात. वर्षाची बहुतेक वीज त्या चार महिन्यांतच तयार होते. पर्जन्यछायेतला आषाढ ज्याने पाहिला आहे त्याला ते दिवस माहीत आहेत: अंगावरचं धोतर फडफडेल असा वारा, डोक्यावरून एकामागून एक पळणारे काळे ढग, आणि थेंब नाही. अशा दिवशी मान वर केली की क्षितिजावर पाती गरगरताना दिसतात. पेरलेलं जळत असताना शेतकऱ्याने या दोन गोष्टी जोडल्या, तर त्याचं निरीक्षण चुकलेलं नव्हतं; चुकलं होतं ते त्याने लावलेलं कारण. वारा पाती फिरवतो आणि तोच ढगही पळवतो. पाती वारा निर्माण करत नाहीत, एवढं सांगायला हवं होतं. काम सुरू होण्याआधी, ग्रामसभेत, त्याच्या भाषेत. सांगणारा आला तो आंदोलन पेटल्यावर, खुलासा घेऊन. तोवर बोलण्याचा विषय ढग राहिला नव्हता. आमच्या डोक्यावर काय उभं करताय ते आम्हाला विचारलंत का, हा विषय होता. ज्याला बोलायला दुसरी जागा नव्हती, तो ढगांबद्दल बोलला.

आणि मालक कोण होते? नव्वदच्या दशकात पवनचक्की घेणाऱ्या उद्योगाला तिची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता येत असे. पुढे ते प्रमाण ८० टक्क्यांवर आलं. नफ्यातल्या कारखान्यांना कर वाचवण्याचा तो राजमार्ग होता. त्यामुळे पठारावरच्या यंत्राचा मालक मुंबईत, पुण्यात, कुठेही असे, गावात नसे. साताऱ्याच्या पठारांखाली कोयनेचं खोरं आहे. शिवसागर जलाशयासाठी ज्यांची गावं उठली आणि ज्यांच्या पाण्यावरची वीज राज्यभर गेली, त्याच मुलखाच्या माथ्यावर दुसऱ्यांदा वीज तयार होऊ लागली आणि दुसऱ्यांदा ती तारेने निघून गेली. मला राहून राहून वाटतं, हा सहकाराचा पट्टा आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर साखर कारखाना, दूध संघ, पाणीपुरवठा संस्था. इथल्या माणसाला भागभांडवल, सभासदत्व, वार्षिक सभा हे शिकवावं लागत नाही. तरी वाऱ्यात त्याला कुणी सभासद करून घेतलं नाही.

डेन्मार्कमध्ये करून घेतलं. तिथल्या पवनऊर्जेची सुरुवातच शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी पैसे काढून एकेक यंत्र उभारण्यापासून झाली. कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर मिडलग्रुंडेन इथे २००० साली २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या; त्यातल्या निम्म्यांची मालकी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे होती. मूळ आराखडा २७ यंत्रांचा, तीन रांगांचा होता. लोकांनी हरकती घेतल्या तेव्हा तो बदलून एकाच कमानदार ओळीत वीस यंत्रं बसवली गेली. पुढे २००८ च्या कायद्याने नव्या प्रकल्पाचे किमान २० टक्के भाग स्थानिकांना देऊ करणं बंधनकारक केलं. ती तरतूदही नंतर बदलली, आणि यंत्रं उंच होत गेली तसा तिथेही विरोध वाढला. सगळं गोड आहे असं समजू नये. पण हरकतीमुळे रेघ बदलू शकते, हे एकदा लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की त्यांचं बोलणं वेगळं होतं.

वाटा दिला की विरोध मिटतो, असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. तो कुठे खोटा ठरतो ते पाहायला नॉर्वेला जावं लागेल.

नॉर्वेच्या मध्यभागी, पश्चिम किनाऱ्यावर फोसेन नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे सामी लोक रेनडियर पाळतात. सामी हे उत्तर युरोपातले मूलनिवासी. फोसेनवरची रेनडियरवाली कुटुंबं अगदी मोजकी. त्यांचं वर्ष ऋतूंप्रमाणे वेगवेगळ्या कुरणांत विभागलेलं असतं, आपल्या धनगरांच्या वाड्यासारखं. सर्वांत नाजूक काळ हिवाळ्याचा. बर्फ उकरून रेनडियर खालचं दगडफूल खातात. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच्यासारखंच, पण तिथे जमिनीवर गालिच्यासारखं पसरलेलं. ते फार सावकाश वाढतं. बर्फ जाड आणि टणक झाला तर उकरता येत नाही, म्हणून वाऱ्याने बर्फ उडून गेलेले उघडे माथे हिवाळ्यात जीव वाचवतात. आणि वारा असलेले उघडे माथे आणखी कुणाला हवे असतात, ते आपण वर पाहिलं.

स्तोरहेया आणि रोआन या दोन ठिकाणी मिळून १५१ पवनचक्क्या उभारायचं ठरलं. २०१० मध्ये परवाने मिळाले, २०१३ मध्ये मंत्रालयाने ते कायम केले. रेनडियर पाळणारे न्यायालयात गेले, पण निकालाची वाट न पाहता बांधकाम सुरू झालं आणि २०२० पर्यंत दोन्ही प्रकल्प पूर्ण झाले. इथेही जागा किती लागते हाच वाद होता. कंपनीच्या मते पाया आणि रस्ते सोडले तर सगळं कुरण मोकळं होतं. पण रेनडियर हा बिचकणारा प्राणी आहे. फिरती पाती दिसली, माणसांची ये-जा दिसली की तो काही किलोमीटर दूरच राहतो. कुरण नकाशावर तसंच होतं. खाणारा तिथे येत नव्हता.

खालच्या न्यायालयाने तोडगा काढला: हिवाळ्यात जनावरं कुंपणात ठेवा, चारा विकत घ्या, त्यासाठी कोट्यवधी क्रोनरची भरपाई घ्या. व्यवहार म्हणून तो उदार होता. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तो एकमताने फेटाळला. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम २७ अल्पसंख्य समाजाला आपली संस्कृती जगण्याचा हक्क देतं, आणि न्यायालयाच्या मते कुरणावर कळप राखणं हीच सामींची संस्कृती आहे. गोठ्यात चारा टाकणं म्हणजे ती नव्हे. परवाने अवैध ठरले.

आणि पाती फिरतच राहिली. सरकार अभ्यास करत होतं. निकालाला ५०० दिवस झाले त्या दिवशी, २३ फेब्रुवारी २०२३ ला, तरुण सामी कार्यकर्ते ओस्लोतल्या ऊर्जा मंत्रालयात जाऊन जमिनीवर बसले. काहींनी आपला पारंपरिक रंगीत वेश उलटा घातला होता, आतली शिवण बाहेर. काही दिवसांनी ग्रेटा थुनबर्ग येऊन त्यांच्यात बसली. हवामान बदलाविरुद्ध जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा पवनचक्क्यांच्या विरोधात बसलाय, याचं अनेकांना आश्चर्य वाटलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. कोळसा वाईट का, तर त्याची किंमत ज्याने तो जाळला नाही त्याला मोजावी लागते. तोच न्याय वाऱ्याला लावला तर थुनबर्ग बसली ती जागा बरोबर होती.

अखेर मंत्र्यांनी माफी मागितली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये रेनडियर पाळणाऱ्यांच्या दोन गटांशी समझोते झाले: भरपाई, हिवाळ्यासाठी दुसरं कुरण, आणि सध्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर नव्या परवान्याला नकार देण्याचा हक्क. मनोरे उभेच आहेत. बांधकाम आधी आणि विचारणा नंतर झाली की न्यायालय जिंकूनही डोंगर पूर्वीसारखा परत मिळत नाही.

आपल्याकडे साक्री तालुक्यात, धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, वाद निघाला तो याच जातीचा. पवनचक्क्यांसाठी वळवलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबं आधीपासून कसत होती. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि २००८ पासून लागू झाला, पण हक्काचे दावे निकाली निघण्याआधीच मनोरे येऊ लागले. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक असल्याचं परिपत्रक काढलं. हा कागद महत्त्वाचा आहे. तो वनजमिनीपुरताच आहे, आणि गावच्या खासगी किंवा गायरान पठारावर त्याचा उपयोग नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

पुन्हा चाळकेवाडीला येतो, कारण तिथे एक रहिवासी असा आहे ज्याला कुणी विचारणं शक्यच नव्हतं. उन्हाळ्यात पठारावरच्या दगडांवर सरडे चढून बसतात. नराच्या गळ्याखाली निळी, काळी, नारिंगी झालर असते. मादीला दाखवायला तो ती पंख्यासारखी उघडतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्याला नवी प्रजाती म्हणून नाव दिलं, 'सरडा सुपर्बा'. नावाच्या पहिल्या भागात सरळ आपला मराठी शब्द घेतला. दोन वर्षांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी याच पठारावर पवनचक्क्या असलेला आणि नसलेला भाग शेजारी शेजारी तपासला. पवनचक्क्यांच्या भागात ससाणे-घारींसारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. शिकारी गेले म्हणून सरडे वाढले. ते निर्धास्त झाले, माणूस जवळ आला तरी पळेनात. आणि गर्दी झाल्यामुळे ते हडकुळे झाले. पाया वीस मीटरचा, आणि त्याची सावली सरड्याच्या बरगड्यांपर्यंत पोचलेली. जागा किती लागते याचं इतकं नेमकं मोजमाप मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सह्याद्रीवरची ती पहिली यंत्रं आता म्हातारी झाली आहेत. त्यांचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं धरलेलं होतं आणि क्षमता आजच्या मानाने फारच थोडी, काहीशे किलोवॅटची. देशातल्या सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा या छोट्या यंत्रांनी अडवल्या आहेत, म्हणून ती काढून तिथे मोठी बसवावीत, यासाठी केंद्राने २०२३ मध्ये नवं धोरण जाहीर केलं. ते मला योग्य वाटतं. दहा जुन्या मनोऱ्यांच्या जागी दोन नवे आले तर पठार बरंच मोकळं होईल, आणि नवा डोंगर फोडावा लागणार नाही. पण नवं पातं जुन्याच्या तिप्पट-चौपट लांब असेल. जुन्या घाटाच्या वळणांतून ते वळणार नाही, म्हणून वळणं पुन्हा कापावी लागतील. जुने पाये कोण उकरणार आणि त्यातलं काँक्रीट कुठे टाकणार, हेही ठरवावं लागेल. पंचवीस वर्षांपूर्वी दलालाच्या हातात सातबारा दिलेल्या माणसांची मुलं आज त्या गावांत सरपंच आहेत, शाळेत शिक्षक आहेत, काही पवनचक्कीवरच देखभालीच्या नोकरीत आहेत. पहिल्या ट्रेलरच्या आधी ग्रामसभेची नोटीस त्यांच्या हातात पडायला हवी.